राणीपर्यंत : चार दिवसांचा प्रवास

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला ताम्हनात दोन राणीछाप रुपये ठेवतात. आजीने जपलेले, तिच्यानंतर आईकडे आलेले. चिंचेने घासले की अजूनही चांदी पांढरीशुभ्र निघते. एकावर १८६२ साल आहे आणि राणीच्या चेहऱ्याभोवती ‘व्हिक्टोरिया क्वीन’ अशी अक्षरं. दुसरा १८८५चा, त्यावर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. आई साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवायची. १८५८चा राणीचा जाहीरनामा आला की हे दोन्ही रुपये रुमालात बांधून वर्गात न्यायची आणि बाकाबाकावरून फिरवायची. “फरक शोधा,” म्हणायची. पोरं नथ, मुकुट, केस बघत बसायची. अक्षरांकडे शेवटी कुणाचं तरी लक्ष जायचं.

धाकटा भाऊ लंडनला आहे. जूनमध्ये आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो, तेव्हा आईने जायच्या आधीच वहीत चार तारखा लिहून ठेवल्या होत्या. २० ते २३ जून. “मला राणी बघायची आहे,” एवढंच म्हणाली. रुपये घरीच ठेवले, फोनमध्ये फोटो घेतले.

गुरुवार, २० जून

तारीख आईनेच निवडलेली. १८३७ साली याच दिवशी, पहाटे सहाच्या सुमारास, केन्सिंग्टन राजवाड्यात एका मुलीला तिच्या आईने झोपेतून उठवलं. कँटरबरीचे आर्चबिशप आणि लॉर्ड कॉनिंगहॅम खाली येऊन थांबले होते. काका, चौथे विल्यम, रात्री वारले होते. मुलगी घरातल्याच कपड्यांवर बाहेर आली आणि ते दोघं तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. तिला अठरा वर्षं पूर्ण होऊन सत्तावीस दिवस झाले होते.

बागेच्या बाजूने आत शिरलो की आधी पुतळा लागतो. पांढऱ्या संगमरवरातला, तळ्याकडे तोंड करून बसलेला. तो राणीच्या मुलीने, लुईझने घडवला आहे. आईला हे फार आवडलं. “मुलीने आईला तरुणपणीची बसवलीय,” म्हणाली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

आत जिथे तिचं बालपण गेलं त्या खोल्या आहेत. ती आठ महिन्यांची असताना वडील गेले. आई जर्मन, आणि आईच्या मर्जीतला जॉन कॉनरॉय नावाचा अधिकारी घर चालवायचा. राज्य हिच्याकडे येणार हे दिसत होतं, म्हणून हिला मुठीत ठेवायचं अशी त्या दोघांची रीत. बरोबरीची मुलं जवळजवळ नाहीत, आईच्याच खोलीत झोपायचं, आणि कुणाचा तरी हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही. हे मी वाचलेलं होतं. पण तिथला दगडी जिना समोर आला, आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिने माझा हात धरला, आणि मग अंगावर आलं. आई चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबली. “अठरा वर्षांची होईपर्यंत गं?” एवढंच विचारलं. याच जिन्यावर १८३६च्या मे महिन्यात तिने अल्बर्टला पहिल्यांदा पाहिलं.

राणी झाल्या दिवशी तिने काय केलं, तर आधी एक तास एकटीला बसू द्या म्हणाली आणि स्वतःचा पलंग आईच्या खोलीतून हलवायला लावला. रोजनिशीत त्या दिवसाबद्दल लिहिताना ‘एकटी’ हा शब्द तिने मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिलाय. मला या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत सच्ची गोष्ट हीच वाटते. माणसांनी तिच्यापर्यंत काय पोहोचू द्यायचं हे अठरा वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. पुढे त्रेसष्ट वर्षं राज्य केलं, तरी हा प्रश्न तिचा सुटला असं मला वाटत नाही.

त्याच सकाळी तिची पहिली सभा झाली ती लाल दिवाणखान्यात. डेव्हिड विल्कीने त्या प्रसंगाचं चित्र काढलं, त्यात ती पांढऱ्या पोशाखात आहे. प्रत्यक्षात ती काकांच्या सुतकात होती, काळ्या कपड्यांत होती. काळ्या कोटांच्या गर्दीत ती उठून दिसावी म्हणून चित्रकाराने रंग बदलला. आईने वहीत टिपून घेतलं: चित्र हा पुरावा, पण तपासून.

दुपारी पायीच अल्बर्ट स्मारकाकडे गेलो. सोन्याने झळाळणारं, उंच. आई दोन मिनिटं बघून बाकावर बसली आणि डबा उघडला. भावजयीने दशम्या दिल्या होत्या.

शुक्रवार, २१ जून

विंडसर. स्टेशनातून बाहेर पडून चढ चढला की किल्ल्याच्या तोंडाशी राणीचा ब्राँझचा पुतळा आहे, १८८७चा. कालची पांढरी मुलगी इथे जाड, वयस्क, हातात राजदंड घेतलेली.

राजदालनं भव्य आहेत, आम्ही ती पाहिली, पण मन सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये गुंतलं. दुसऱ्या एलिझाबेथ राणीची समाधी इथेच आहे, काळ्या दगडावर आईवडील, ती आणि पती अशी चार नावं. लोक रांगेने पुढे सरकत होते, काही जण डोळे पुसत होते. व्हिक्टोरियाचा सर्वाधिक काळ राज्य करण्याचा विक्रम २०१५च्या सप्टेंबरात हिनेच मोडला.

आमची राणी मात्र या चॅपेलमध्ये पुरलेली नाही. पण तिची एक खूण आहे. वेदीच्या डाव्या अंगाला वर एक लाकडी सज्जा आहे, जुन्या काळी आठव्या हेन्रीने कॅथरिन राणीसाठी केलेला. १८६३च्या मार्चमध्ये थोरल्या मुलाचं लग्न इथे झालं तेव्हा व्हिक्टोरिया त्या सज्जात बसली होती. काळे कपडे घालून, वऱ्हाडापासून लांब, वरून बघत. अल्बर्ट जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ला याच किल्ल्यात गेला, बेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. त्याची खोली राणीने होती तशी ठेवली. दाढीसाठी गरम पाणी रोज तिथे जात राहिलं, संध्याकाळचे कपडे काढून ठेवले जात राहिले. ती खोली लोकांना दाखवत नाहीत. मी आईला हे सांगत होते आणि सांगता सांगता थांबले, कारण बाबांचा चष्मा अजून आमच्या दिवाणखान्यातल्या खणात आहे, सहा वर्षं झाली, आणि आई दर शनिवारी त्याच्या काचा पुसते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. “लोकांनी तिला नावं ठेवली ना, राज्य सोडून बसली म्हणून?” तिने विचारलं. ठेवली. कित्येक वर्षं ती लोकांसमोर फारशी आलीच नाही. “ठेवणारच,” आई म्हणाली, “पण कागद तर वाचत होती ना?” वाचत होती. कागद तिने कधी सोडले नाहीत.

दोघांची समाधी फ्रॉगमोरला आहे, किल्ल्याच्या खालच्या बागेत. ती बांधायला राणीने नवरा गेल्याबरोबर सुरुवात केली. दारावर स्वतः लॅटिन ओळी घातल्या, इथे अखेर मी तुझ्याजवळ विसावेन अशा अर्थाच्या. समाधीवरच्या दोन्ही मूर्ती तेव्हाच घडवून घेतल्या, तिचीसुद्धा. म्हणून दोघंही तिथे तरुण आहेत. ती इमारत दुरुस्तीसाठी कैक वर्षं बंद आहे. आम्ही लाँग वॉकच्या सरळ रस्त्यावर बरंच अंतर चालत गेलो. डावीकडे दाट झाडं. आईने त्या झाडांच्या दिशेने हात जोडले. चाळीस वर्षं काळं नेसलेल्या या बाईला पुरताना तिच्या इच्छेप्रमाणे पांढरा पोशाख घातला आणि तोंडावर लग्नातला बुरखा पांघरला. हे आईला मी तिथे सांगितलं नाही, रात्री सांगितलं.

शनिवार, २२ जून

सकाळी भाऊ, भावजय, सात वर्षांचा भाचा आणि आम्ही दोघी, सगळे सामान घेऊनच निघालो. राणीचं ऑस्बॉर्नचं घर जिथे आहे त्या आइल ऑफ वाइट बेटावर जायच्या आधी सेंट पॉल कॅथीड्रल करायचं होतं, तेही बाहेरून. आई पश्चिमेकडच्या पायऱ्यांसमोर गेली आणि जमिनीकडे बघत फिरू लागली. कुणाचं काही पडलंय का म्हणून एक बाई मदतीला आली. पडलं नव्हतं. फरशीत कोरलेली अक्षरं आई शोधत होती आणि सापडली: राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याबद्दल व्हिक्टोरिया राणीने इथे देवाचे आभार मानले, २२ जून १८९७.

राणी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. संधिवाताने पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून देवळातली प्रार्थना बाहेर आणली. आठ घोड्यांच्या उघड्या गाडीत ती बसून राहिली आणि पाद्री पायऱ्यांवर उभे राहून म्हणत राहिले. राजवाड्यातून निघण्याआधी तिने एक बटण दाबलं होतं. त्याबरोबर तारेने साम्राज्यभर तिचा निरोप गेला, की माझ्या प्रिय प्रजेचे मी मनापासून आभार मानते.

आई त्या अक्षरांवर पाय पडू न देता उभी होती. “आता पुण्यात किती वाजले असतील?” तिने विचारलं. साडेतीन. “त्या दिवशी अजून सात-आठ तास होते.”

पुण्यात त्या वर्षी प्लेग होता. रँड हा प्लेगचा अधिकारी. सोजिरांना घरात घुसवून तपासणी, बायामाणसांची विटंबना, देवघरापर्यंत बुटांचे पाय. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर याच हीरक महोत्सवाची मेजवानी झाली. ती आटोपून परतणाऱ्या रँडच्या गाडीवर दामोदर चापेकर चढला. लेफ्टनंट आयर्स्ट या लष्करी अधिकाऱ्याला दामोदरच्या भावाने, बाळकृष्णाने गोळी घातली, तो जागीच गेला. रँड ३ जुलैला. दामोदर फाशी गेला १८ एप्रिल १८९८ला, येरवड्यात, आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात त्याचे दोन्ही भाऊ. याच दामोदरने १८९६ साली मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. तो पुतळा आता भायखळ्याला संग्रहालयाच्या बागेत आहे, राणीच्या बागेला लागून. आईने आम्हाला लहानपणी हत्ती दाखवून झाल्यावर तोही दाखवला होता.

शिकवताना या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात. एक इंग्लंडच्या धड्यात, एक आपल्या. एका तारखेत त्या मला त्या फरशीवर पहिल्यांदा दिसल्या. राणीचा निरोप पुण्याला तारेने काही मिनिटांत पोहोचला असणार. पुण्याचा राणीपर्यंत पोहोचला तो पिस्तुलाच्या आवाजाने.

दुपारची गाडी धरून साउदॅम्प्टन, तिथून तासाभराची बोट. संध्याकाळी ईस्ट काउझला उतरलो तेव्हा पाऊस होता. आई वरण-भात खाऊन लगेच झोपली.

रविवार, २३ जून

ऑस्बॉर्न. चारही दिवसांत मला हा दिवस सर्वांत जवळचा. हे सरकारी राजवाडा नव्हे, राणीने आणि अल्बर्टने १८४५ साली स्वतः विकत घेतलेलं ठिकाण. जुनं घर पाडून अल्बर्टने क्युबिट नावाच्या बांधकाम करणाऱ्याबरोबर हे नवं उभारलं. दोन मनोरे, पुढे गच्च्या, कारंजी, आणि उतारावरून खाली समुद्र. ही खाडी बघून अल्बर्टला नेपल्सची आठवण यायची.

वरच्या मजल्यावर बसायच्या खोलीत दोन टेबलं शेजारी-शेजारी आहेत. एक त्याचं, एक तिचं. भावजय म्हणाली, “आमचं घरून काम असंच चालतं.” आई खूप वेळ ती टेबलं बघत होती. इथे बसून दोघांनी मिळून राज्याचे कागद पाहिले. १८५८च्या आमच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा राणीला पसंत पडला नव्हता. पंतप्रधान डर्बींना तिने कळवलं की एका रक्तरंजित युद्धानंतर दहा कोटींहून अधिक लोकांशी एक स्त्री बोलते आहे हे ध्यानात ठेवून लिहा, त्यात औदार्य आणि धर्माबद्दल सहिष्णुता दिसू द्या. मसुदा बदलला. नोकऱ्यांत वंश, धर्म आडवा येणार नाही, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, ही वचनं त्यात आली.

“म्हणजे तिचं मन त्यात होतं,” आई म्हणाली. “मी वर्गात नेहमी सांगायची, की नुसतं कागदावरचं होतं. तेही खरंच. पण तिचं मन होतं, हे सांगायला पाहिजे होतं.”

शेजारचीच झोपायची खोली. इथे २२ जानेवारी १९०१ला संध्याकाळी ती गेली. वय एक्याऐंशी. जर्मनीचा कैसर, तिचा नातू, हाताच्या आधाराने तिला धरून बसला होता. पलंग तिच्या उंचीला केवढातरी मोठा आहे. भाचा म्हणाला, ती छोटी होती का? होती, पाच फूटसुद्धा जेमतेम.

खाली दरबार दालनाकडे जाणाऱ्या मार्गिकेत भिंती आपल्या माणसांनी भरल्या आहेत. रुडॉल्फ स्वोबोडा नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराला राणीने हिंदुस्थानात पाठवलं ते राजेरजवाडे नव्हे, साधी माणसं रंगवायला. वहीच्या पानाएवढी छोटी चित्रं. शिपाई, विणकर, पोरं. आग्र्याचा कुंभार बक्षीराम आहे, शंभरी ओलांडलेला, १८८६च्या लंडनच्या प्रदर्शनात चाक फिरवायला आणलेला. त्याच्या पांढऱ्या दाढीचा एकेक केस दिसतो. आणि मुन्शी अब्दुल करीम, १८८७ साली वाढपी म्हणून आलेला चोवीस वर्षांचा तरुण. अडुसष्टाव्या वर्षी राणी त्याच्याकडून हिंदुस्थानी शिकू लागली. वह्या भरून उर्दू अक्षरं गिरवली, मरेपर्यंत. दरबारातल्यांना तो डोळ्यांत सलायचा. ती गेल्यावर नव्या राजाने त्याच्याकडची तिची पत्रं जाळायला लावली आणि त्याला आग्र्याला परत पाठवला.

मला त्या मार्गिकेत भरून आलं. या बाईला माणसं हवी होती, ती खोटी नव्हती. पण ती आपल्याकडे एकदाही आली नाही. चित्रकाराने जेवढे चेहरे आणले तेवढे तिला दिसले. १८७७च्या १ जानेवारीला दिल्लीच्या दरबारात तिला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, तेव्हाच रुपयावरचं ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आलं. त्याच वेळी दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात दुष्काळाने माणसं मरत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातसुताच्या खादीत त्या दरबारात गेले होते आणि हिंदी प्रजेला बरोबरीचे हक्क द्या म्हणाले. तिथे राणी नव्हती. व्हॉइसरॉय लिटन होता.

दरबार दालन पांढऱ्या नक्षीने डोळे दिपवतं. लॉकवुड किपलिंग आणि लाहोरचे भाई राम सिंग यांनी आखलेलं. शेकोटीवर पिसारा फुलवलेला मोर. महोत्सवांत हिंदुस्थानातून आलेली मानपत्रांची पेटारी मांडली आहेत. आई एकेक पाटी वाचत गेली, मराठी मुलखातलं गाव शोधत. दुपार झाली.

मग स्विस कॉटेज. घरापासून चांगलंच लांब, आईसाठी छोटी गाडी मिळाली. नऊ मुलांना कष्ट कळावेत म्हणून अल्बर्टने हे लाकडी घर उभारलं. प्रत्येकाला वाफा दिला, भाजी पिकवायला लावली आणि ती बाजारभावाने तो स्वतः विकत घ्यायचा. नावाची आद्याक्षरं लिहिलेल्या त्यांच्या छोट्या ढकलगाड्या अजून ओळीने ठेवल्या आहेत. त्याच्या मागे किल्ला आहे. खराखुरा मातीचा तट, आत मुलांच्या उंचीची विटांची बराक. १८५६ साली धाकट्या राजपुत्रांसाठी केलेला, तेव्हा आर्थर सहा वर्षांचा होता. बराक चार वर्षांनी झाली.

भाचा धावतच सुटला. “आजी, हा तर दिवाळीचा किल्ला!” दर दिवाळीला आई व्हिडिओवरून त्याच्याकडून बाल्कनीत किल्ला करून घेते. माती कुंडीतली, अळीव पेरलेले. तो तटावर चढायला निघाला, भावाने खाली ओढला.

“यात राजा कुठे बसवायचा?” त्याने विचारलं.

आई गवतावर बसली. तिने त्याला आर्थर सांगितला. हा मुलगा इथे माती उकरायचा, मोठा झाला, ड्यूक ऑफ कॅनॉट झाला, मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती म्हणून आपल्याकडे आला. १८८८ साली पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी त्याला मेजवानी दिली. सगळे पाहुणे भरजरी कपड्यांत, हिऱ्यामोत्यांत. आणि एक माणूस आला तो शेतकऱ्याच्या वेषात, फाटकं उपरणं, डोक्याला मुंडासं. दारावर त्याला अडवलं. ते जोतीराव फुले. आत जाऊन ते उभे राहिले आणि राजपुत्राला म्हणाले, या दागिने घातलेल्या लोकांवरून आमचा देश ओळखू नका, खेड्यांत जाऊन बघा, लोक कसे राहतात ते आणि त्यांना शिक्षण हवंय हे राणीसाहेबांना सांगा.

भाचा सगळं ऐकत होता. बराकीच्या बुटक्या दाराशी हात लावून उभा होता.

“मग त्याने सांगितलं का त्याच्या आईला?”

आई काही बोलली नाही. तिने वही काढली, पेन काढलं, आणि प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घेतला. खाली तारीख घातली.

नंतर आम्ही किनाऱ्यावर गेलो. राणीची समुद्रस्नानाची चाकांवरची खोली तिथे ठेवली आहे. १८४७ साली ती पहिल्यांदा इथून पाण्यात उतरली, फार मजा वाटली, डोकं पाण्याखाली जाईपर्यंत. समोरच्या याच पाण्यातून, दुतर्फा उभ्या युद्धनौकांमधून, १९०१च्या फेब्रुवारीत तिची शवपेटी गेली. आमची बोट सहाची होती. भाचा ओल्या वाळूचा किल्ला करत बसला होता, आणि आई साडी वर खोचून त्याला खंदक खणून देत होती.